कल्ल्यात अडकलेला गळ

निवृत्त झाल्यावर नातेवाइकांनी पहिला प्रश्न विचारला तो हा की, इतकी वर्षं तू नेमकं काय करत होतास? बँकेतल्या किंवा शाळेतल्या माणसाला असं कुणी विचारत नाही. मी गळाने मासे धरणाऱ्यांच्या एका खाजगी क्लबाचा मॅनेजर होतो. आमची जुनी माणसं साड्या रंगवायची. वडिलांच्या वेळेला तो धंदा बुडाला आणि घरातली आम्ही सगळी मिळेल त्या कामाला लागलो. कुणी वकिलाकडे कारकून, कुणी रेशीम कारखान्यात, आणि मी तळ्यावर. झाडाखाली बसून पगार घेतो, असं माझ्याबद्दल घरात बोललं जायचं. थोडं खरंही होतं. पण वर्षातले दोन दिवस असे यायचे की रंगाच्या भट्टीवर उभं राहिलेलं बरं, असं वाटायचं. ते दोन दिवस म्हणजे आमची स्पर्धा.

तळं कडकोळच्या पुढे, नंजनगूडच्या रस्त्यावरून आत. बांधावर उभं राहिलं की चामुंडीची टेकडी पाठमोरी दिसते. तळ्यात कटला, रोहू, थोडे मरळ आणि नको तितके जिलेबी मासे. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येकाला काठावरची एक जागा मिळायची, एक काठी, एकच गळ. पकडलेला मासा जाळीच्या लांबट पिशवीत, पण पाण्यातच ठेवायचा. संध्याकाळी माझ्या काट्यावर वजन, पाटीवर आकडा, आणि मासा परत तळ्यात. घरी कुणी काही न्यायचं नाही. बाहेरच्या माणसाला यात काय गंमत ते कळत नाही, आणि मीही कधी समजावत बसलो नाही.

एक गोष्ट मात्र समजावायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मासा गळाला लागला म्हणजे तो तोंडातच लागला असं नसतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं आणि रुंद असतं. तो आमिषावर तुटून पडत नाही, पाण्याबरोबर पिठाचे कण ओढून घेतो. तो जवळ घुटमळत असताना काठीवाल्याने घाईने झटका दिला की गळ गालात, कल्ल्यात, कधी पोटातही घुसतो. नदीवर काही लोक पिठाच्या गोळ्याभोवती पाच-सहा गळ लोंबत सोडतात, कुठे ना कुठे तरी लागतोच. काही जण तर आमिषही लावत नाहीत. तीन तोंडांचा जड गळ माशांच्या थव्यातून नुसता ओढतात. अशा माशाला आमच्या क्लबात फाउल म्हणत. नियम सोपा होता. गळ तोंडाच्या आत लागलेला असेल तरच मासा तुमचा. फाउल मासा जिथे बाहेर आला तिथेच, त्याच क्षणी पाण्यात सोडायचा. पिशवीत किंवा बादलीत ठेवला, तर त्या दिवसाचं सगळं वजन शून्य.

सोपा म्हणतो खरा, पण वाद घालणाऱ्याला जागा सापडतेच. एका वर्षी एक वयस्क वकील आले होते. त्यांच्या रोहूला गळ ओठाच्या बाहेरच्या कडेला लागल्याची खूण होती. मी नाही म्हटल्यावर त्यांनी काट्यासमोर खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं, तोंड म्हणजे कुठपर्यंत? ओठ हा तोंडाचा भाग की चेहऱ्याचा? मागे रांग वाढत गेली, पिशव्यांतले मासे कासावीस झाले, पण ते हलेनात. शेवटी पुढच्या वर्षी मी फळ्यावर कटल्याचं डोकं रंगवलं आणि तोंडाची हद्द तांबड्या रेषेने दाखवली. वडिलांचा हात माझ्यात थोडा उतरला होता, चित्र चांगलं झालं. वकीलसाहेबांनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, आता अपील नाही.

गोकुलममध्ये योग शिकायला आलेला एक अमेरिकन एकदा रविवारी आला होता. त्याच्या गावी बास नावाच्या माशाच्या स्पर्धा होतात. तिथे काय करता, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, बास आमिषावर धावून येतो, धक्का मारतो, त्यात गळ गालाला बाहेरून लागला तर आमच्याकडे चालवून घेतात. पण विणीच्या दिवसांत मासा घरट्यावर बसलेला डोळ्यांनी दिसतो, तेव्हा गळ तोंडातच हवा. कारण दिसणाऱ्या माशाला कुणीही ओढून काढेल. मला ते पटलं. माशाने आमिष घ्यायचं ठरवलं होतं की नाही, एवढंच शेवटी पाहायचं असतं.

आता वत्सलाक्काविषयी.

वत्सलाक्का कुवेंपुनगरात राहायच्या. सरकारी इस्पितळात सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये झालेली, शेवटी हेड सिस्टर. आमच्याच जुन्या मराठी घरांपैकी. निवृत्तीनंतर भावाबरोबर एकदा तळ्यावर आल्या, भाऊ कंटाळून गेला आणि या राहिल्या. स्कूटरला काठी बांधून यायच्या. क्लबात बायका जवळजवळ नव्हत्याच, त्यामुळे सुरुवातीला लोक त्यांच्याकडे पाहायचे. नंतर त्यांचं पीठ पाहायला लागले. नाचणी, शेंगदाण्याची पेंड आणि आणखी काहीतरी, जे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. गळ काढताना त्यांचा हात पाहण्यासारखा असायचा. मासा ओल्या फडक्यावर, डोळ्यावर एक बोट, आणि गळ बाहेर. मासा फडफडायचासुद्धा नाही.

त्या वर्षी पहिल्या दिवशी संध्याकाळी त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांची पिशवी काट्याला लावली तेव्हा आकडा बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाटीवर लिहिणार एवढ्यात त्यांनी दुसऱ्या हातातलं ओलं पोतं समोर ठेवलं. आत एक मोठा कटला होता, मेलेला.

"हा काट्यावर घेऊ नको माधवा," त्या म्हणाल्या. "फाउल आहे. कल्ल्यात बाहेरून लागला. आतलं सगळं फाटलं होतं, रक्त थांबेना. डोक्यात दांडा घालून सोडवला त्याला. स्वयंपाकघरात देऊन टाक."

त्या काही लपवत नव्हत्या. मी तो मासा उचलून पाहिला. कल्ल्याचं झाकण मागे गेलेलं, खालचे तांबडे दोरे तुटलेले. असा मासा पाण्यात सोडला तर तो थोडा वेळ तिरका पोहतो, मग पोट वर करतो. ते मला माहीत होतं, आणि काट्याभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांनाही माहीत होतं. लोक पुन्हा रांगेत सरकले. मला वाटलं, असंच जाईल.

नितीन देशपांडे मला बाजूला घेऊन गेला. हा पुण्याहून नोकरीसाठी आलेला, संगणकाच्या कंपनीत, गोकुलममध्ये राहायचा. त्याचं मराठी स्वच्छ, आमचं कन्नड मिसळलेलं. तो आमच्या बोलण्यावर हसायचा, आम्ही त्याच्या. वजनात तो दुसरा होता. त्याला हे बोलणं जड जात होतं ते दिसत होतं.

"काका, गेल्या वर्षी माझाही एक असाच मेला होता," तो म्हणाला. "मी नियमाप्रमाणे सोडला. दुसऱ्या दिवशी तो काठाला लागला, तुम्हीच उचललात. मला तेव्हा रात्रभर वाईट वाटलं होतं. अक्कांनी वाईट वाटून घ्यायचं नाही म्हणून ठेवला. मग नियम मी एकट्यानेच का पाळायचा?"

तो पहिल्या नंबरासाठी बोलत होता का, हा विचार माझ्याही मनात आला, पण त्याचं बोलणं तेवढ्याने खोटं ठरत नव्हतं. नियम असा कडक का, हेही मला माहीत होतं. मरणारा मासा ठेवता येतो असं एकदा झालं, की मासा मरणारा होता की नाही हे ठेवणाराच ठरवणार.

मी अक्कांपाशी परत आलो आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी मान हलवली.

"कळलं की," त्या म्हणाल्या. "शून्य लिही."

मी लिहिलं. त्यांनी वाद घातला असता, रडल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्या पिशवी घेऊन काठावर गेल्या आणि आपले जिवंत मासे एकेक करून, दोन्ही हातांनी धरून, पाण्यात सोडले. प्रत्येक मासा स्वतः निघून जाईपर्यंत हात काढला नाही. मग स्कूटर काढून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची जागा रिकामी होती.

नितीन जिंकला. चषक घेतला, फोटोला उभा राहिला, आणि जाताना तो माझ्या ऑफिसच्या कपाटावर ठेवून गेला. नंतर नेतो म्हणाला. माझ्या निवृत्तीपर्यंत तो तिथेच होता.

यानंतर जे घडलं ते चांगल्या मनाने घडलं, हे मला आधीच सांगायचं आहे. कमिटीच्या पुढच्या बैठकीत नितीननेच दुरुस्ती मांडली. फाउल मासा जगणार नाही अशी जखम असेल आणि शेजारच्या माणसाने तशी साक्ष दिली, तर तो वजनात न धरता ठेवावा. हवं तर घरी न्यावा. जीव वाया जाऊ नये. सगळ्यांना हायसं वाटलं. अक्कांना शून्य दिल्याचं ओझं क्लबावर होतंच, ते उतरलं असं वाटलं. स्पर्धेला लागू केलं ते एरवीच्या रविवारांनाही लागू झालं. लोक त्याला सिस्टर रूल म्हणायला लागले. मी फोन करून अक्कांना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, माझ्या नावाचं काही नको होतं रे. आल्या मात्र नाहीत. गुडघ्याचं कारण सांगितलं.

पहिले काही महिने एखाद-दुसरा मासा असा निघायचा, आणि तो खरोखर जाणारा असायचा. मग आमच्या तळ्यातले मासे नाजूक झाले. दर रविवारी कुणाच्या तरी माशाच्या कल्ल्यात गळ. साक्ष द्यायला शेजारी तयार, कारण पुढच्या रविवारी त्यालाही साक्षीदार लागणार. गाड्यांच्या डिकीत बर्फाच्या पेट्या दिसायला लागल्या. ही कुणी उपाशी माणसं नव्हती. कडकोळच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा कारखाना असलेले एक गृहस्थ होते. मनात आणलं तर मंडीतली सगळी टोपली उचलतील. त्यांच्या डब्यात मी तीन तोंडांचा गळ पाहिला. विचारलं, तर म्हणाले, मरळासाठी आहे. आणि हसून पुढे म्हणाले, "मॅनेजर्रे, मासा मरतोय की जगतोय हे शेजाऱ्याने सांगायचं, असा नियम तुमचाच आहे, अल्वा, हो ना?" माझाच होता. मी काय सिद्ध करणार?

बाजारातल्या माशापेक्षा स्वतः धरलेला मासा घरी दाखवायला बरा वाटतो, तेवढंच ते होतं. पोरांसमोर, पाहुण्यांसमोर. मी माणसांचं फारसं वाईट मानत नाही. पण सकाळी तळ्याला फेरी मारणं माझं काम होतं, आणि त्या फेऱ्या मला नकोशा झाल्या. ओढलेल्या गळातून निसटलेले मासे काठाला लागलेले असायचे. पाठीवर चीर, पोट फाटलेलं, खवले उचकटलेले. त्यात मोठे कटले होते. ते कित्येकदा धरलेले, वजन केलेले, सोडलेले. त्यांना एवढं व्हायला जी वर्षं लागली ती मी पाहिली होती. गेटवरच्या वॉचमनला बोलावून मी खड्डा काढायला सांगायचो. तो म्हणायचा, सार, कालवडीला पुरतात तसा खोल काढू का? चेष्टा नव्हती ती, मासे खरंच तेवढे असायचे.

मी कमिटीला सांगितलं. त्यांनी साक्षीदार एकाऐवजी दोन केले.

मग मी वत्सलाक्कांना घरी जाऊन भेटलो आणि एकदा येऊन बघा म्हटलं. का बघा, ते सांगितलं नाही. त्या रविवारी दुपारी रिक्षाने आल्या, एका हातात काठी, पण चालायची. मी त्यांना स्वयंपाकघराच्या पडवीत नेलं. तिथे त्या दिवसाचे ठेवलेले मासे बादल्यांत होते, घरी जायच्या तयारीत.

त्या स्टुलावर बसल्या. बादली जवळ ओढून एकेक मासा बाहेर काढला, उलटा करून जखम पाहिली, बोटाने कडा दाबून पाहिली, बाजूला ठेवला. मासे ठेवलेले दोन-तीन सभासद दारात उभे होते, ते हळूच बाहेर सरकले.

"ह्याला पोटाखालून," त्या म्हणाल्या. "हा पाठीत. ह्याचा कल्ला तर मागाहून फाडलाय, हातानं." शेवटचा मासा त्यांनी खाली ठेवला नाही, मांडीवरच राहू दिला. "हे सगळे माझ्या नावानं मेले होय रे?"

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलंही असेल. त्यांनी ऐकलं नाही.

त्यांनीच कमिटीला भेटायचं म्हटलं. त्या दिवशी जे होते ते व्हरांड्यात जमले. अक्का उभ्या राहून बोलल्या, थोडं मराठी, थोडं कन्नड. पहिला नियम जसा होता तसा परत आणा, एवढंच त्यांचं म्हणणं. फाउल म्हणजे पाण्यात. जगो की मरो. कुणाला घरी न्यायचा मोह नको, कुणाला साक्ष द्यायची भीड नको.

सगळ्यात जास्त विरोध नितीनने केला. त्याचा आवाज चढला होता. तो म्हणाला, अक्का, तसं केलं तर तुमच्यावर झालेला अन्याय आम्ही पुन्हा पक्का करतो.

"अन्याय कुणी म्हटलं?" त्या म्हणाल्या. "मला नियम ठाऊक होता. मोडला. तुम्ही शून्य दिलं. मुगीतु, संपलं. मला वाईट वाटलं ते घरी बसून वाटलं. तुम्ही माझ्यासाठी नियम कशाला बदललात? मला विचारलं होतं?"

कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही आमचं मन हलकं करून घेतलं होतं, आणि त्याला त्यांचं नाव दिलं होतं.

जुना नियम परत आला. कारखानदारांनी सभासदत्व सोडलं, त्यांच्यामागे आणखी काही गेले. बर्फाच्या पेट्या बंद झाल्या. नवी पिल्लं आम्ही सोडली, पण कटला सावकाश वाढतो. ज्या आकाराचे मासे त्या दोन-अडीच वर्षांत गेले, तसे माझ्या नोकरीत मला पुन्हा काट्यावर दिसले नाहीत. नितीन हळूहळू येईनासा झाला. पुढे कंपनीने त्याला हैदराबादला पाठवलं. जाताना भेटायला आला होता. काका, माझं दोन्ही वेळेला चुकलं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, दोन्ही वेळेला तू बरोबर बोललास. ते ऐकून त्याला बरं वाटलं नाही.

अक्कांनी स्पर्धेत पुन्हा भाग घेतला नाही. मी त्यांना पंच म्हणून या, असं फार आग्रहाने म्हटलं. त्यांच्याइतकी जखम कुणाला कळणार होती? त्यांनी सरळ नाही म्हटलं. दुसऱ्या माणसाला सांगायचं की हा मरणारा जीव पाण्यात टाक, ते माझ्याच्यानं होणार नाही, म्हणाल्या.

मग ते माझ्याच वाट्याला आलं. उरलेली वर्षं मी काठावर फिरून तेच सांगत राहिलो. कधी एखादा नवीन माणूस रक्ताळलेला मासा हातात धरून माझ्याकडे बघायचा, आणि मी म्हणायचो, सोडा. तो विचारायचा, हा जगेल का हो? मी म्हणायचो, सोडा. सोडलेला मासा तिरका तिरका जायचा आणि आम्ही दोघंही दुसरीकडे बघायचो. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत तो मला सापडायचाच असं नाही. बगळे आणि घारी लवकर उठतात. मी त्या नियमावर आजही विश्वास ठेवतो. तो पाळायला लावल्याचा एकही प्रसंग मला आनंदाने आठवत नाही. लोक विचारतात, नोकरीत काय कमावलंस. हे त्यांना कसं सांगणार?

निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी कुवेंपुनगरात गेलो होतो. अक्कांचा गुडघा आता फारच दुखतो, बाहेर पडणं होत नाही. त्यांनी भाचीला कॉफी करायला सांगितली. इकडचं तिकडचं बोललो, कुणाच्या मुलाचं लग्न, कुणाचं घर विकलं. तळ्याचा विषय त्या काढत नव्हत्या आणि मीही काढणार नव्हतो. पण निघताना, चपला घालता घालता, माझ्या तोंडून गेलंच. अक्का, तोच मासा आज तसाच लागला तर काय कराल?

त्यांना विचार करावा लागला नाही.

"ठेवीन की," त्या म्हणाल्या. "तसला जीव पाण्यात टाकायचा नाही मला." आणि मी पायरी उतरल्यावर मागून म्हणाल्या, "तू मात्र शून्य लिही हं. तिथं चुकू नकोस."